मेव्हिस टनर्डचा नांगर-सोमवार

मेव्हिस टनर्डला लोक शांत बाई म्हणत. चॅपेलमधली फुलं ती बदलायची, शेजारणीचं मांजर सांभाळायची, इंग्लंडातल्या बोस्टनच्या बाजारात भाजीवाल्याने एखादा नासका बटाटा पिशवीत टाकला तरी न बोलता बाजूला काढून ठेवायची. तिच्या पोटात एक सकाळ दहा-अकरा वर्षं जशीच्या तशी पडून होती, हे फक्त रीटा पेलला ठाऊक होतं. कारण त्या सकाळी रीटाही तिच्या शेजारी उभी होती.

गॉसबी फेन हे गाव म्हणजे सपाट काळी जमीन, सरळ रेघेत खणलेले पाण्याचे चर आणि वर मोठं आभाळ. त्या जमिनीत डाउस घराण्याचा फ्लॉवर पिकायचा, आणि तो कापायला गावच्या बायकांची टोळी जायची. मेव्हिस टोळीची म्होरकी. पहाटे चॅपेलच्या कोपऱ्यावर बायका जमायच्या, डोक्याला रुमाल, हातात आपापली सुरी, काखेत चहाचा थर्मास. मग डाउसची व्हॅन यायची. या कामात एक न बोललेला नियम होता. व्हॅन कुणासाठी थांबत नाही, बायकांनी व्हॅनसाठी थांबायचं. त्यामुळे एकही बाई कधी उशिरा आली नाही. लेकरू तापलेलं असो, नवरा पिऊन पडलेला असो, कोपऱ्यावर यायचं म्हणजे यायचं.

त्या सकाळी थंडीने शेतं पांढरी पडली होती. व्हॅन आली. पण ती नवी होती, मोठी होती, आणि थांबली नाही. काचेतून अनोळखी चेहरे दिसले, तरुण, झोपाळलेले. ड्रायव्हरच्या शेजारी क्लाइव्ह डाउस बसला होता. म्हाताऱ्या डाउसचा मुलगा. लहानपणी शेताच्या बांधावर पाय घसरून चरात पडला तेव्हा मेव्हिसनेच त्याला कॉलर धरून वर काढलं होतं. त्याने बायकांना पाहिलं आणि मान दुसऱ्या खिडकीकडे वळवली.

बायका तरीही थांबल्या. "दुसरी व्हॅन येत असेल," कुणीतरी म्हणालं. थर्मासमधला चहा संपला. मुलं शाळेत जाताना त्यांच्याकडे बघून गेली. शेवटी रीटा म्हणाली, "मेव्हिस, अगं आपल्याला काढलंय." मेव्हिस म्हणाली, "काढलं असतं तर सांगितलं असतं." दुपार होईपर्यंत ती एकटीच तिथे उभी होती.

क्लाइव्हने कधीच सांगितलं नाही. त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. रस्त्यात भेटला की "काय मेव्हिस, हवा काय म्हणते?" असं विचारायचा. मेव्हिसने लाल पट्टी गुंडाळलेली आपली सुरी स्वयंपाकघरातल्या खणात ठेवून दिली. तिने त्या सुरीने पुन्हा पावसुद्धा कापला नाही.

*

क्लाइव्हवर राग काढणं अवघड होतं. शाळेला छप्पर त्याने दिलं, चॅपेलचा बॉयलरही त्यानेच. मग राग जवळ सापडेल त्याच्यावर निघायचा. मेव्हिसच्या भिंतीला भिंत लागून असलेलं घर एका दलालाने भाड्याने लावलं आणि त्यात लिथुआनियाची माणसं राहायला आली. एका खोलीत एक कुटुंब. कचऱ्याचा डबा चुकीच्या दिवशी बाहेर. मागच्या अंगणात मासे धुरावर सुकवायचा पत्र्याचा डबा, आणि त्याचा वास थेट मेव्हिसच्या वाळत घातलेल्या चादरींत.

"माझ्या उशीला बांगडा झोपलाय असं वाटतं," ती रीटाला म्हणायची.

"तुझ्या उशीला एवढ्या वर्षांत कुणीतरी आलं म्हण की," रीटा म्हणायची.

दवाखान्यात नंबर लागेना. बाजारपेठेत खाटकाचं दुकान गेलं, तिथे तीन ओळी वाचूनही एक शब्द न कळणारी पाटी लागली. रीटाच्या मुलीला गावात घर मिळेना, कारण एका कुटुंबापेक्षा पाच कुटुंबांचं भाडं जास्त येतं. हे कुणाला सांगायला जावं तर वरचे लोक भुवया उंचावायचे, जणू बाई जेवणाच्या टेबलावर काही वाईट बोलली. मेव्हिसला त्या भुवयांचा जास्त राग यायचा.

शेजारच्या घरातली जुर्गिता नावाची बाई रोज पहाटे चॅपेलच्या कोपऱ्यावर जायची. हातात सुरी. मेव्हिस तिच्याशी बोलत नसे. कुंपणाच्या त्या बाजूला आपलीच जागा उभी आहे आणि तिने दुसऱ्या बाईचे बूट घातलेत, असं तिला वाटायचं.

म्हणून युरोपीय संघात राहायचं की नाही याचं सार्वमत आलं तेव्हा मेव्हिसला विचार करावा लागला नाही. युरोपमधून बाहेर पडायचं. गॉसबी फेनमध्ये चारातले तीन जण तेच म्हणत होते आणि चौथा गप्प होता. रीटाने कुठूनतरी ऐकलं होतं की मतदानाच्या खोलीत पेन्सिल देतात ती मुद्दाम, नंतर खोडता यावी म्हणून. सगळ्या गावाने ते खरं मानलं. मेव्हिसने पर्समध्ये निळं पेन टाकलं आणि चांगला कोट घालून निघाली.

आणि डाउसच्या शेताशी तिचे पाय थांबले.

ज्या शेतात तिने अर्धं आयुष्य वाकून काढलं, त्याच शेताच्या मधोमध क्लाइव्हने दाराएवढा फलक ठोकला होता. "बाहेर पडा! आपला देश, आपली माती." खाली फ्लॉवरच्या ओळींत जुर्गिताची टोळी वाकून काम करत होती.

मतदान चॅपेलच्या मागच्या खोलीत होतं. क्लाइव्ह दारात उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याशी हात मिळवत होता. मेव्हिसचा हात त्याने दोन्ही हातांत धरला.

"आज तू आणि मी एकाच बाजूला, मेव्हिस!" तो म्हणाला. "बघ, सगळं विसरून माणसं कशी एक होतात."

मेव्हिस पडद्याआड गेली. कागदावर दोन चौकोन. एक तिचा, दहा-अकरा वर्षं जपलेला. पण त्या चौकोनात आता क्लाइव्ह आधीच जाऊन बसलेला होता, पाय पसरून. तिने पेन काढलं आणि दुसऱ्या चौकोनात, राहायचं म्हणणाऱ्या चौकोनात, एवढ्या जोराने फुली मारली की कागद जरासा फाटला.

हे आपण काय केलं? पण पेनाची फुली होती. खोडता येत नव्हती.

*

दुसऱ्या दिवशी निकाल आला, देश बाहेर पडणार. गावात कुणी भोंगे वाजवले, कुणी झेंडे लावले. रीटा केक घेऊन आली. मेव्हिसने केक खाल्ला, "छान झालाय" म्हणाली आणि आपलं पाप गिळून टाकलं.

त्या उन्हाळ्यात एका मोटारीतून कुणीतरी जुर्गिताला ओरडून सांगितलं, सामान बांध म्हणून. जुर्गिता हातात पाव घेऊन फुटपाथवर उभी राहिली होती, हे मेव्हिसने खिडकीतून पाहिलं. ती बाहेर गेली नाही. पण पुढच्या वेळी कचऱ्याचा डबा चुकीच्या दिवशी बाहेर आला तेव्हा तिने तो न बोलता आत ठेवला.

पानगळीत एके दिवशी जुर्गिता कुंपणाशी आली. कागदात गुंडाळलेला धुरावलेला मासा पुढे करत म्हणाली, "घ्या. आता डबा देऊन टाकणार. आम्ही चाललो."

"कुठे?"

"ख्रिसमसला घरी. मग जर्मनीला, बहिणीकडे. इथल्या पैशाला आता तिकडे काही येत नाही. आणि..." तिने खांदे उडवले. "तुम्ही पण मत दिलंत ना, आम्ही जावं म्हणून?"

मेव्हिसने मासा हातात घेतला. "मी क्लाइव्ह डाउसच्या विरुद्ध मत दिलं," ती म्हणाली.

जुर्गिताला आधी कळलं नाही. मग कळलं तशी ती एवढी हसली की कुंपण धरावं लागलं. "मग मला पण मत द्यायचं होतं! गेल्या मार्चमध्ये त्याने आम्हाला अर्धा दिवस उभं केलं. व्हॅन नाही, फोन नाही. पावसात. दुसऱ्या दिवशी म्हणतो, काल काम नव्हतं, कळलं नाही का?"

"उभं कुठे केलं?"

"चॅपेलच्या कोपऱ्यावर."

मेव्हिसने माशाचा कागद पुन्हा नीट दुमडला.

"सगळी टोळी जाणार," जुर्गिता हळूच म्हणाली. "जानेवारीत येतो म्हणून सांगितलंय त्याला. येणार कुणीच नाही. त्याने आम्हाला सांगितलं नव्हतं, आम्ही पण नाही सांगणार. तुम्ही सांगाल?"

डाउसचा जानेवारीचा फ्लॉवर म्हणजे त्याचं वर्ष. गावातली कुठलीही भली बाई जाऊन त्याला सांगून आली असती, बाबा रे, माणसं बघून ठेव. मेव्हिस भली होती, हे गावाला माहीत होतं.

"मी कशाला सांगू?" ती म्हणाली. "मला कुणी काही विचारलं नाहीये."

त्या रात्रीच्या जेवणाला तिने तो मासा खाल्ला. खारट होता. तिने काट्यापर्यंत संपवला.

*

जानेवारी उबदार निघाला. कडाका नाही, बर्फ नाही, नुसतं धुकं आणि ऊब. असल्या हवेत फ्लॉवर थांबत नाही, अख्खं शेत एकदम तयार होतं. आठवड्या-दीड आठवड्यात कापला नाही तर गड्डा सुटतो, पिवळा पडतो, आणि मग गुरंही तोंड लावत नाहीत.

क्लाइव्हची व्हॅन रिकामी परत आली. त्याने फोन केले, दलाल पालथे घातले. शहरातून काही पोरं आणली, ती दुपारच्या आत कंबर धरून निघून गेली. नांगर-सोमवारच्या, म्हणजे गावात नांगर दारोदार नेण्याच्या सणाच्या, तीन दिवस आधी तो मेव्हिसच्या दारात उभा राहिला. हातात मनुकांचा पाव, फीत बांधलेला.

"आत येऊ का, मेव्हिस?"

"बूट चिखलाचे आहेत तुमचे, डाउससाहेब. तिथेच बोला."

तो पायरीवर उभा राहिला. तिने मुद्दाम दार अर्धंच उघडं ठेवलं होतं. हीच घटका तिने मनात हजारदा पाहिली होती. त्यात तो एवढा जाड नव्हता, आणि त्याच्या डोळ्यांखाली एवढं काळं नव्हतं. त्याची किंचितही कीव येऊ नये म्हणून तिने त्याच्या हातातल्या फितीकडे बघितलं.

"तुमच्या जुन्या टोळीतल्या बायका... म्हणजे अजून हात चालत असतील ना? एवढं शेत निघालं की... बाबा नेहमी म्हणायचे, मेव्हिससारखा गड्डा कुणी कापत नाही."

"बाबा तुमचे बोलायचे. तुम्ही त्यांच्यासारखे बोलत नाही."

"काय मागशील ते देईन."

"मला एक वाक्य पाहिजे," मेव्हिस म्हणाली. "सोमवारी नांगर तुमच्या दारी येईल. सगळं गाव असेल. त्यांच्यासमोर म्हणायचं, मी या बायकांना न सांगता कोपऱ्यावर उभं ठेवलं, ते चुकलं. म्हणालात की मंगळवारी आम्ही शेतात."

क्लाइव्हने श्वास सोडला. "एवढंच? अगं, एवढंच ना?"

"एवढंच."

आणि ते खरं होतं. मेव्हिसने रीटाकडे जाऊन बायका जमवल्या. रीटाचा एक गुडघा नवा होता, ईनिडचा खुबा नवा होता.

"आपण सगळ्या मिळून एक नवी बाई होतो," रीटा म्हणाली. पण सुऱ्या तिनेच धार लावून आणल्या. मेव्हिसनेही खण उघडला. तो वाक्य बोलला असता तर ती त्याचं शेत मोकळं करून देणार होती, शेवटच्या गड्ड्यापर्यंत.

*

ख्रिसमसचे दिवस सरले की येणाऱ्या पहिल्या सोमवारी गावातली माणसं जुना नांगर फितींनी सजवून दारोदार ओढत नेतात. अंगाला चिंध्या लावलेल्या, कुणी वाजंत्री, कुणी झाडू घेऊन नाचतो. नांगर दाराशी आला की घराने काही द्यायचं. जो नाही म्हणेल त्याच्या उंबरठ्यापर्यंत नांगर फिरवायचा, ही रीत. कुणाचा उंबरठा खरंच नांगरला गेला त्याला दोन पिढ्या झाल्या होत्या, आणि तो नांगरणारा मेव्हिसचा बाप होता. क्लाइव्ह दरवर्षी बाहेरून आलेल्या पाहुण्यांना ही रीत मोठ्या कौतुकाने सांगायचा आणि आपल्या हिरवळीकडे बोट दाखवून म्हणायचा, "म्हणून मी आधीच पैसे काढून ठेवतो!"

ती हिरवळ म्हणजे त्याचा जीव. पट्टे पाडून कापलेली, कडा सुरीने आखल्यासारख्या. तिच्यावर पाय ठेवला म्हणून तो पाद्रीबाईंच्या मुलावर ओरडला होता.

दुपारी नांगर त्याच्या फाटकाशी आला. गाव जमलं होतं. मेव्हिस आणि बायका पुढे उभ्या होत्या, डोक्याला पुन्हा रुमाल. क्लाइव्ह पायऱ्यांवर आला, बिअरचे पेले फिरवले, नांगरवाल्या बर्टच्या टोपीत पाकीट टाकलं. मग त्याने हात वर केला.

"मित्रहो! यंदाचा नांगर-सोमवार वेगळा आहे. या बायका बघा. आपल्याच मातीतल्या. उद्यापासून आपल्या शेतात पुन्हा आपलेच हात! यासाठीच मत दिलं ना आपण?"

टाळ्या पडल्या. कुणीतरी आरोळी दिली. क्लाइव्हने हात जोडल्यासारखं केलं आणि आत वळला.

"आणि?" मेव्हिस म्हणाली.

तो हसत थांबला. "आणि काय?"

"कोपरा."

"मेव्हिस," त्याने आवाज खाली आणला, "ते काम एजन्सीने केलं होतं, मी नाही. जुनी गोष्ट आहे. पाहुणे आलेत. नंतर आत ये, चहा घेऊ, बोलू."

"दाराशी मागितलेलं दाराशी द्यायचं असतं. बोल, क्लाइव्ह."

आयुष्यभर ती त्याला साहेब म्हणत आली होती. लोकांचे पेले तोंडाशी थांबले. क्लाइव्ह लाल झाला. वाक्य छोटं होतं, ओठांवर आलंही असेल. पण पायऱ्यांवर उभ्या असलेल्या माणसाला खाली उभ्या असलेल्या बाईसमोर ते उच्चारता येईना.

"तमाशा पुरे," तो म्हणाला. "मी काही बोलणार नाही."

मेव्हिस बर्टकडे वळली. "ऐकलंस? नाही म्हणाला."

बर्ट कसनुसं हसला. त्याचा मुलगा डाउसचा ट्रॅक्टर चालवायचा. त्याने दोर जमिनीवर ठेवला आणि आपल्या बुटांकडे बघत बाजूला झाला. कुठलाच पुरुष पुढे आला नाही.

रीटाने दोर उचलला. "ईनिड, माझ्या नव्या गुडघ्याच्या बाजूला ये," ती म्हणाली. बायका एकेक करून दोराला लागल्या. मेव्हिसने मुठी धरल्या. बापाने तिला पोरवयात एकदा धरायला दिल्या होत्या. दाबायचं नाही, नुसतं सरळ ठेवायचं, जमीन आपली आपण उघडते.

"मेव्हिस! वेड लागलंय का? पोलिसांना बोलावीन!"

"काय सांगणार त्यांना?" गर्दीतून कुणीतरी म्हणालं. "तूच तर दरवर्षी सांगतोस रीत काय आहे ते!"

कुणीतरी फसकन हसलं. उबेने जमीन मऊ झाली होती. फाळ हिरवळीत शिरला आणि ओला काळा पट्टा हिरव्यातून उलटत गेला, फाटकापासून पायरीपर्यंत, सरळ. उंबरठ्याशी दगडाला लागून फाळ खणखणला तेव्हाच त्या थांबल्या. क्लाइव्ह तोंड उघडं ठेवून बघत होता. मेव्हिसने मुठी सोडल्या, हातांवरची माती कोटाला पुसली आणि म्हणाली, "उद्या व्हॅन पाठव, क्लाइव्ह. वेळेवर."

*

व्हॅन त्याने स्वतः आणली. शब्द शब्द असतो, बाईचा संताप निघाला, आता येईल, असं त्याला वाटलं असावं. उजाडायच्या सुमाराला तो चॅपेलच्या कोपऱ्यावर इंजिन चालू ठेवून उभा राहिला. सुपरमार्केटची लॉरी शेताशी येऊन थांबली होती.

मेव्हिस कोपरा दिसणाऱ्या वरच्या खिडकीत बसली होती. शेजारी रीटा, मधे चहाची किटली.

क्लाइव्ह खाली उतरला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं. घड्याळ पाहिलं. पुन्हा आत बसला. मुलं शाळेत जाताना त्याच्याकडे बघून गेली.

"जाऊन सांगू का त्याला, येणार नाही म्हणून?" रीटा म्हणाली.

"काढलं असतं तर सांगितलं असतं," मेव्हिस म्हणाली आणि तिने रीटाच्या कपात चहा ओतला.

दुपारपर्यंत तो थांबला.

फ्लॉवर कुणी कापला नाही. आठवड्याच्या आत शेत पिवळं पडलं, मग तपकिरी, मग काळं चिकट झालं. वास गावावर उतरला. कुजलेल्या फ्लॉवरचा वास कपड्यांत, केसांत, चॅपेलच्या पडद्यांत बसला. लोक नाकाला रुमाल लावून दुकानात जाऊ लागले. डाउसने पॅकिंगची शेड बंद केली. त्यात रीटाच्या मुलीचीही नोकरी गेली.

त्या दिवशी रीटा आली ती दारातच उभी राहिली.

"समाधान झालं तुझं?" तिने विचारलं. "झालं असेल तर सांग मेव्हिस, म्हणजे पोरीला काहीतरी सांगता येईल."

मेव्हिस आत वळली आणि तिचा केकचा जुना डबा घेऊन आली. रीटा तोच परत न्यायला आली होती, तो घेऊन ती गेली.

शेजारचं घर रिकामं होतं. अंगणात पत्र्याच्या डब्याने पाडलेला एक काळा गोल तेवढा राहिला होता. माशाचा वास येतो म्हणून मेव्हिसने त्या बाजूची स्वयंपाकघराची खिडकी कितीतरी वर्षं बंद ठेवली होती, लाकूड फुगून ती चौकटीत बसली होती. तिने खणातून लाल पट्टीची सुरी काढली, फटीत घालून खिडकी सुटी केली आणि सताड उघडली. शेतावरून येणारा तो वास आत भरला. मेव्हिस खुर्ची ओढून त्या वासासमोर बसली आणि तिने चहा गार होईपर्यंत खिडकी लावली नाही.